जुनी इमारत : पाडावी की सुधारावी?

(आपल्या गावात आणि शहरात अनेक जुन्या इमारती असतात. वाडे, शाळा, कचेऱ्या, मकबरे, बाजारपेठा. जुने पाडून नवे बांधणे म्हणजे प्रगती, असे पुष्कळांना वाटते. जुन्या इमारतीची दुरुस्ती पर्यावरणाला केव्हा उपकारक ठरते आणि केव्हा अपायकारक, हे लेखिकेने या पाठात समजावून सांगितले आहे.)

मी बी. एड. करत होते, त्या वर्षीची गोष्ट. पावसाळा संपत आला होता. एका रात्री जेवणानंतर आमच्या घरात बैठक बसली. प्रश्न एकच होता. आजोबांच्या वेळचे घर पाडायचे की ठेवायचे?

घर जुने होते, पण बांधणी भक्कम होती. चुन्यात बांधलेल्या दीड हात जाडीच्या विटांच्या भिंती, सागवानी तुळया, उंच छत आणि मधोमध छोटासा चौक. भर उन्हाळ्यातही खालच्या खोल्या गार असत. मात्र तीन-चार वर्षांपासून त्याच खोल्यांत ओल येऊ लागली होती. भिंतींना लोणा लागला होता, रंगाचे पोपडे पडत होते. दादीची खोली खालीच होती. तिचा खोकला काही केल्या थांबत नव्हता.

चाचा म्हणाले, "भाईजान, या घरात आता दम राहिला नाही. पाडून टाकू आणि स्लॅबचे घर बांधू."

अब्बांनी लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोहल्ल्यातल्या एका वृद्ध गवंड्यांना बोलावले. गवंडीचाचांनी भिंतीवर हात फिरवला. छिन्नीने थोडा गिलावा काढला, आतली वीट चाचपली आणि विचारले, "हा सिमेंटचा गिलावा कधी केला?"

अब्बांनी हिशेब केला. गिलावा केल्यानंतर जो पावसाळा आला, त्याच पावसाळ्यापासून ओल सुरू झाली होती. घर टिकावे म्हणून आम्हीच पैसे खर्चून तो करून घेतला होता!

गवंडीचाचा म्हणाले, "साहेब, भिंत आजारी नव्हती. औषध चुकीचे दिले गेले."

मुलांनो, हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. जुन्या इमारतीच्या बाबतीत दोन चुका होऊ शकतात. एक म्हणजे ती विचार न करता पाडणे. दुसरी म्हणजे ती विचार न करता सुधारणे. दोन्ही चुकांची किंमत घरमालकाला मोजावी लागते आणि आपल्या हवा, पाणी, जमिनीलाही मोजावी लागते. ती कशी, ते आता पाहू.

प्रथम एक वीट डोळ्यांसमोर आणा. ती तयार करण्यासाठी जमिनीवरची माती खणावी लागली. ती मळून, साच्यात घालून, वाळवून भट्टीत भाजावी लागली. भट्टीत कोळसा किंवा लाकूड जळाले. धूर हवेत गेला. मग ती वीट गाडीने आपल्या दारापर्यंत आली. एका घराला अशा हजारो विटा लागतात. शिवाय वाळू, खडी, लोखंड, काच, सिमेंट. यांतल्या प्रत्येक वस्तूसाठी कोठेतरी डोंगर फोडला जातो, नदीचे पात्र उपसले जाते किंवा भट्टी पेटवली जाते.

सिमेंटचेच उदाहरण घ्या. सिमेंटचा मुख्य कच्चा माल म्हणजे चुनखडीचा दगड. तो इतर पदार्थांबरोबर सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजतात. एवढी उष्णता निर्माण करण्यासाठी पुष्कळ इंधन जळते. पण गोष्ट तेथेच संपत नाही. चुनखडी तापली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. १०० किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली, तर ५६ किलो चुना हाती येतो आणि उरलेले ४४ किलो वायुरूपाने हवेत जातात. हाच वायू पृथ्वीभोवती पांघरुणासारखा साचतो आणि तापमान वाढवतो. माणसाच्या व्यवहारांमुळे जगात जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्याचा सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंट उद्योगाचा आहे.

जी इमारत उभी आहे, तिच्यासाठी हा खर्च पूर्वीच होऊन गेला आहे. तो परत मिळत नाही हे खरे. परंतु इमारत वापरात असेपर्यंत त्या खर्चाचा उपयोग आपल्याला होत राहतो. ती पाडली की तो सारा वाया जातो आणि नव्या इमारतीसाठी तेवढाच किंवा त्याहून अधिक खर्च पर्यावरणाला पुन्हा सोसावा लागतो. शिवाय पाडलेल्या घराच्या राडारोड्याचे काय? शहराबाहेरच्या नाल्याकाठी, तळ्याकाठी पडलेले विटा-मातीचे ढीग तुम्ही पाहिलेच असतील. त्यांच्यामुळे पावसाचे पाणी अडते आणि धूळ उडते. हा प्रश्न इतका वाढला, की बांधकामाच्या कचऱ्यासाठी भारत सरकारला २०१६ साली स्वतंत्र नियम करावे लागले.

येथे कोणी म्हणेल, "नवी इमारत आधुनिक असते. ती वीज कमी वापरते. मग पाडण्यातला तोटा भरून निघणार नाही का?" प्रश्न योग्य आहे. अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच प्रश्नाचा हिशेब मांडला आहे. जुन्या इमारतीपेक्षा ३० टक्के अधिक काटकसरीने ऊर्जा वापरणारी नवी इमारत बांधली, तरी तिच्या बांधकामामुळे हवामानावर झालेला परिणाम भरून निघायला १० ते ८० वर्षे लागतात, असे त्यात आढळले. वर्षांचा हा आकडा इमारतीचा प्रकार आणि तेथील हवामान यांवर अवलंबून असतो. पृथ्वीचे तापमान तर आजच वाढत आहे. तिला एवढी वर्षे थांबायला सवड नाही.

मग जुनी इमारत आहे तशीच ठेवावी काय? तेही बरोबर नाही. काही जुन्या इमारती फार वीज खातात. त्यांच्या खिडक्यांतून, छतातून उष्णता आत येते किंवा बाहेर जाते. त्यांतली यंत्रे जुनी असतात. अशा वेळी इमारतीचा सांगाडा कायम ठेवून तिला आजच्या गरजांना योग्य करणे, हा मधला मार्ग आहे. यालाच स्थापत्यशास्त्रात 'रेट्रोफिटिंग' म्हणतात. आपण त्याला 'सुधारणा' म्हणू.

या सुधारणेचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात आहे. तेथील 'एम्पायर स्टेट बिल्डिंग' ही १०२ मजल्यांची इमारत १९३१ साली पूर्ण झाली. पुढे सुमारे चाळीस वर्षे ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. २००९ साली तिच्या मालकांनी विजेचा व इंधनाचा खर्च कमी करण्याची मोठी योजना जाहीर केली.

या इमारतीला सुमारे ६,५०० खिडक्या आहेत. त्या सगळ्या काढून फेकल्या असत्या आणि नव्या आणल्या असत्या, तर काचेचा केवढा ढीग झाला असता! पण तसे केले नाही. इमारतीच्याच पाचव्या मजल्यावर एक छोटा कारखाना उभारला. खिडक्या काढून तेथे आणल्या. प्रत्येक खिडकीत आधीच दोन काचा होत्या. त्या स्वच्छ करून त्यांच्या मधल्या जागेत एक पातळ पारदर्शक पडदा बसवला आणि पोकळीत उष्णता अडवणारा वायू भरला. मग त्याच खिडक्या पुन्हा जागेवर बसवल्या. जुन्या काचांचा आणि चौकटींचा सुमारे ९६ टक्के भाग असा पुन्हा वापरला गेला.

तेथे कडाक्याची थंडी पडते, म्हणून खोल्या तापवण्यासाठी भिंतीलगत उष्णतेची उपकरणे असतात. त्यांची बरीचशी उष्णता मागच्या भिंतीतून बाहेर जात असे. सहा हजारांहून अधिक उपकरणांच्या मागे चकाकणारे अस्तर लावले, तेव्हा ती उष्णता खोलीकडे परतू लागली. खिडक्या आणि भिंती अशा सुधारल्यामुळे इमारत गार ठेवणाऱ्या यंत्रांवरचा भारही कमी झाला. त्यामुळे अधिक मोठी नवी यंत्रे घेण्याची गरज उरली नाही. होती तीच यंत्रे सुधारून कामाला लावली. या सर्व कामांमुळे इमारतीचा ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी कमी होईल, असा अंदाज बांधला होता. पहिल्या तीन वर्षांत तर ठरवलेल्यापेक्षा अधिक बचत झाली.

यातली कामाची युक्ती लक्षात घ्या. त्यांनी आधी गळती थांबवली आणि मग यंत्रांचा विचार केला. फुटक्या माठात पाणी ओतत राहण्यापेक्षा आधी भोक बुजवणे शहाणपणाचे, नाही का?

आता दुसरी बाजू पाहू. सुधारणा चुकीची झाली तर काय होते? त्यासाठी चुना आणि सिमेंट यांच्या स्वभावातला फरक समजून घ्यायला हवा.

पूर्वी बांधकामाला चुना वापरत. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून, वाळू किंवा विटांची पूड घालून घाणीत मळत. हा चुना भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा दगडासारखा कठीण होतो. म्हणजे भाजताना दगडातून जो वायू निघाला, त्याचा बराच भाग तो परत घेतो. भट्टीत जळालेल्या इंधनाचा धूर मात्र परत येत नाही, हेही विसरू नये.

चुन्याचा दुसरा गुण म्हणजे त्यात अतिसूक्ष्म छिद्रे असतात. भिंतीत शिरलेला ओलावा त्यांतून वाफ होऊन बाहेर पडतो. म्हणून जुने गवंडी म्हणतात, "चुन्याची भिंत श्वास घेते." सिमेंट फार कठीण आणि घट्ट असते. नव्या बांधकामात तो त्याचा गुणच आहे. पण चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा थर दिला, तर जमिनीतून वर चढलेले पाणी आत कोंडते. पाण्याबरोबर आलेले क्षार विटेतच साचतात. वीट भुसभुशीत होते, लाकूड कुजते. आमच्या घराला झाले होते ते हेच!

अशीच चूक एका जगप्रसिद्ध वास्तूच्या बाबतीतही झाली होती. दिल्लीतील हुमायूनचा मकबरा तुम्ही चित्रात पाहिला असेल. सोळाव्या शतकात बादशहाची बेगम हाजी बेगम हिच्या पुढाकाराने तो उभा राहिला. मिरक मिर्झा गियास हा त्याचा शिल्पकार. १९९३ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. विसाव्या शतकात या मकबऱ्याची जी दुरुस्ती झाली, तिच्यात ठिकठिकाणी सिमेंट वापरले गेले. गळती थांबावी म्हणून छतावर काँक्रीटचे थरावर थर चढवले. हेतू चांगला होता, पण त्यामुळे जुन्या इमारतीच्या डोक्यावर प्रचंड ओझे बसले.

२००७ ते २०१३ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर यांनी मिळून ही चूक दुरुस्त केली. छतावरून दहा लाख किलोंहून अधिक काँक्रीट माणसांनी हातांनी फोडून खाली उतरवले. दहा लाख किलो म्हणजे एक हजार टन! त्यानंतर कारागिरांनी जुन्या रीतीने चुन्याचे काम केले. त्या चुन्यात गूळ, बेलफळाचा गर असे पदार्थ मिसळले होते. घुमटाभोवतीच्या छत्र्यांच्या निळ्या-हिरव्या कौलांची कला आपल्याकडे लोप पावली होती. ती शिकवायला उझबेकिस्तानहून कारागीर आले आणि शेजारच्या निजामुद्दीन वस्तीतील तरुणांनी ती शिकून घेतली. एका दुरुस्तीमुळे इमारत हलकी झाली आणि विसरलेली कलाही परत आली.

मुलांनो, हिशेब करून पाहा. ते सिमेंट तयार करताना एकदा पर्यावरणाची हानी झाली. ते छतावर चढवल्याने वास्तूची हानी झाली. ते फोडून काढल्यावर त्याचा पुन्हा राडारोडा झाला. चुकीची सुधारणा अशी तीनदा महाग पडते.

याचा अर्थ चुना तेवढा चांगला आणि सिमेंट वाईट, असा मात्र मुळीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीचा भूकंप झाला. (उस्मानाबादला आता धाराशिव म्हणतात.) हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तेथील अनेक घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची होती. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना नीट बांधलेला नव्हता. वर मातीचे जड धाबे होते. जमीन हादरताच भिंती फुटल्या आणि धाबे माणसांवर कोसळले. भूकंपानंतर तज्ज्ञांनी जी घरे वाचवण्याजोगी होती, त्यांसाठी उपाय सांगितले. धाब्यावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार जाणारे बांधदगड बसवणे, भिंतींना चारही बाजूंनी काँक्रीटचा पट्टा घालणे. येथे काँक्रीटच जीव वाचवणारे ठरते. जी घरे वाचवण्यापलीकडे गेली होती, ती पुन्हा बांधावीच लागली. इमारत कितीही जुनी आणि सुंदर असो, तिच्यात राहणाऱ्या माणसाचा जीव पहिला.

म्हणून जुन्या इमारतीला हात लावण्यापूर्वी काही प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला प्रश्न : ती सुरक्षित आहे का? हे ठरवणे जाणकाराचे काम आहे, अंदाजाचे नाही. दुसरा प्रश्न : ती मुळात कशाने बांधली आहे? चुन्याला चुना, मातीला माती, हा साधा नियम बहुतेक वेळा उपयोगी पडतो. तिसरा प्रश्न : इमारतीत आधीच कोणत्या सोयी आहेत? जाड भिंत दिवसाचे ऊन लवकर आत येऊ देत नाही. उंच छताखाली गरम हवा वर जाते. चौक आणि जाळ्या यांमुळे वारा खेळतो. आपण काय करतो? चौकावर पत्रा टाकतो, जाळ्या बुजवतो, खाली दुसरे छत ठोकतो आणि मग उकडते म्हणून वातानुकूलन यंत्र बसवतो! चौथा प्रश्न : जे काढायचे आहे, ते पुन्हा वापरता येईल का? चुन्यात बांधलेल्या विटा सहसा न फुटता सुट्या होतात, सिमेंटमधल्या विटा फुटतात. या चार प्रश्नांनंतर नव्या वस्तू विकत घेण्याची पाळी येते.

आमच्या घराचे पुढे काय झाले, हे तुम्हाला जाणून घ्यायचे असेल. मागच्या खोलीच्या तुळया वाळवीने पोखरल्या होत्या. ती खोली आम्हाला पाडावी लागली. तिच्या विटा मात्र वाया गेल्या नाहीत. त्याच विटांनी गवंडीचाचांनी पडवीची भिंत उभारली. बाकी घराचा सिमेंटचा गिलावा खरवडून काढला. भिंती सुकायला एक अख्खा उन्हाळा गेला. मग चुन्याचा गिलावा केला. चौकावरचा पत्रा उतरवला आणि पागोळ्यांचे पाणी हौदात घेतले. चाचा आजही म्हणतात, "काम फार लांबले." ते खरेच आहे. चुन्याचे काम सवडीचे असते. चांगला कारागीर सहज मिळत नाही आणि खर्चही होतो.

पण पुढच्या पावसाळ्यात दादीच्या खोलीची भिंत कोरडी राहिली. एका सकाळी ती भिंतीला टेकून बसली होती. मी विचारले, "दादी, ओल तर नाही ना लागत?" तिने तळहात भिंतीवर ठेवला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाही बेटी, आता भिंत माझ्यासारखीच सुखाने श्वास घेते."

मुलांनो, तुमच्या मोहल्ल्यातही अशी एखादी इमारत असेल. कदाचित तुमचे घरच असेल. उद्या कोणी म्हणेल, "पाडून टाका." कोणी म्हणेल, "सिमेंट मारून टाका." तेव्हा घाई करू नका. आधी तिच्या भिंतीवर हात ठेवा आणि विचारा, हिला नेमके झाले आहे तरी काय?

शब्दार्थ

गिलावा – भिंतीवर दिलेला चुना, माती किंवा सिमेंटचा थर, पलस्तर
ओल – ओलावा, नमी
लोणा – ओलीमुळे भिंतीवर येणारा खारा पांढरा थर
राडारोडा – पाडलेल्या बांधकामाचा ढिगारा, मलबा
काटकसर – जपून खर्च करणे, किफायत
अपायकारक – नुकसान करणारे
वास्तू – इमारत
धाबे – मातीचे सपाट छत
पागोळी – छपराच्या कडेवरून पडणारी पाण्याची धार
मनात घर करणे – (वाक्प्रचार) मनात कायम राहणे

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखिकेच्या घरात ओल केव्हापासून येऊ लागली?
(आ) १०० किलो शुद्ध चुनखडी भाजल्यावर किती चुना मिळतो?
(इ) हुमायूनच्या मकबऱ्याचा शिल्पकार कोण होता?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'चुन्याची भिंत श्वास घेते' असे जुने गवंडी का म्हणतात?
(आ) एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या खिडक्यांचे काय केले?
(इ) चुकीची सुधारणा तीनदा महाग कशी पडते?

३. किल्लारीच्या भूकंपाचे उदाहरण लेखिकेने का दिले असावे? तुमच्या शब्दांत लिहा.

४. इमारत, दरवाजा, हौद, हिशेब हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. असे आणखी पाच शब्द पाठातून शोधून लिहा.

५. उपक्रम : तुमच्या परिसरातील एक जुनी इमारत पाहा. ती कशाने बांधली आहे, तिच्यात वारा व उजेड कोठून येतो, तिच्यात नंतर कोणते बदल झाले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.